लाइट आली की दिवा मिचकावतो: एलएम३१७ वरच्या एलईडी दिव्याचं दर उन्हाळ्यातलं दुखणं

"लाइट उनी का तुना दिवा डोया मिचकाडस भो."

चोपडा तालुक्यातून मामांचा हा फोन मला सलग दोन वर्षं आला, दोन्ही वेळा एप्रिल सरता सरता. दिवा मीच करून दिलेला, केळीच्या मळ्यात मोटारीच्या खोपीत टांगायला. थ्री फेज लाइटची पाळी रात्रीची असली की मामांना दहाला जाऊन स्टार्टर दाबावा लागतो. सातपुडा जवळ, बिबट्याच्या गोष्टी रोजच्या, त्यामुळे खोपीत उजेड हवाच. लाइनवरचे बल्ब व्होल्टेजच्या चढउतारात टिकत नव्हते, म्हणून बॅटरीवरचा दिवा.

सामान साधंच होतं. फवारणी पंपातून काढलेली १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी, एक एलएम३१७ (व्होल्टेज किंवा करंट स्थिर ठेवणारा तीन पायांचा आयसी, म्हणजे रेग्युलेटर), एक-एक वॅटचे दोन पांढरे एलईडी एकामागोमाग जोडलेले, आणि करंट ठरवणारा रेझिस्टर. चार्जर स्टार्टरच्या पेटीशेजारी कायमचा लावलेला, म्हणजे लाइट आली की बॅटरी आपोआप चार्जिंगला. दिवाळीच्या सुट्टीत बनवला, सगळा हिवाळा तक्रार नाही. उन्हाळा लागला की तोच दिवा लाइट आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत मंद व्हायचा, मिचकावायचा, कधी पार विझून पुन्हा लागायचा.

मामांचं म्हणणं, दोष लाइटचा. ते अर्धं बरोबर निघालं.

पहिल्या वर्षी मी जे केलं ते आधी कबूल करतो, कारण बहुतेक जण तेच करतात. दिवा घरी आणला, टेबलावर पंख्याखाली ठेवला, दोन तास चालवला. काही झालं नाही. तरी आयसी खराब असेल म्हणून नवीन एलएम३१७ टाकला आणि परत पाठवला. तोवर मृग लागला, हवा थंडावली, दिवा सुरळीत चालला आणि माझं निदान बरोबर ठरलं. पुढच्या एप्रिलला पुन्हा फोन.

एलएम३१७ बिचारा बिघडलाच नव्हता. १९७६ साली नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये बॉब डॉबकिन यांनी बनवलेला हा रेग्युलेटर फार सोशिक आहे. फार तापला की आतूनच करंट आवरतो, थंड झाला की परत चालू होतो. मिचकावणं हा बिघाड नव्हताच, तो जीव वाचवत होता आणि मी त्यालाच काढून फेकत होतो.

आधी मोजा, मग सोल्डरिंग गन हातात घ्या

स्थिर करंटच्या जोडणीत एलएम३१७ एकच काम करतो: ओयूटी (आउटपुट) आणि एडीजे (अॅडजस्ट) या दोन पायांमध्ये १.२५ व्होल्ट टिकवतो. त्या दोघांमध्ये आपण रेझिस्टर लावतो आणि एडीजेपासून एलईडीला नेतो. १.२५ ला रेझिस्टरच्या ओहमने भागलं की करंट मिळतो. मला ३.६ ओहम मिळाला नाही म्हणून १५ ओहमचे पाव वॅटचे चार रेझिस्टर समांतर लावले, म्हणजे ३.७५ ओहम. १.२५ भागिले ३.७५, ०.३३३. म्हणजे ३३३ मिलिअँपिअर. एक वॅटचा एलईडी साडेतीनशेपर्यंत घेतो, तेव्हा ठीक. चार लावण्याचा आणखी एक फायदा असा की उष्णता वाटली जाते. एकच पाव वॅटचा रेझिस्टर लावला असता तर त्याच्यावर ०.४ वॅट आलं असतं आणि महिन्याभरात तो काळा पडला असता. तुमच्या दिव्यात रेझिस्टरचे रंगपट्टे करपून ओळखू येत नसतील, तर तिथंच थांबा आणि एक वॅटचा टाका.

आता मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून, दिवा त्रास देत असताना, दोनच ठिकाणी मोजायचं. त्रास देत असताना, हे महत्त्वाचं. टेबलावर पंख्याखाली नाही.

पहिलं माप ओयूटी ते एडीजे. १.२ ते १.३ च्या मध्ये आलं तर करंट बरोबर आहे, दोष एलईडीत किंवा तुमच्या डोळ्यांत. कमी आलं, समजा ०.७, तर रेग्युलेटर हात टेकतोय. मग दुसरं माप, आयएन (इनपुटचा पाय) ते ओयूटी. हे दोन व्होल्टच्या आसपास किंवा खाली असेल तर बॅटरीकडून पुरेसं व्होल्टेजच येत नाही: बॅटरी उतरली, तार लांब पडली, किंवा एलईडी जास्त लावले. आयएन ते ओयूटी पाच-सहा व्होल्ट असूनही पहिलं माप कमी असेल, तर व्होल्टेज भरपूर आहे पण आयसी तापून मागे सरलाय. आणि पहिलं माप शून्य, दुसरंही जेमतेम एक-दोन व्होल्ट, एलईडी बंद: पुढं कुठंतरी तार तुटली आहे किंवा एलईडी आतून उघडा पडलाय.

दुसऱ्या वर्षी मी मळ्यात जाऊन रात्री दहाला हे केलं. लाइट येण्याआधी पहिलं माप १.२५, दिवा छान. लाइट आली, चार्जर गुणगुणला, बॅटरीवर १२.६ चे हळूहळू १४.४ व्होल्ट झाले. बारा मिनिटांनी पहिलं माप उतरायला लागलं: १.१, ०.९, ०.६, परत १.०. दुसरं माप सात व्होल्टच्या खाली गेलंच नाही. एलएम३१७ च्या पाठीच्या धातूला बोट लावलं तर चटका. हे सर्किट ज्या डबीत बसवलंय तिच्यात मल्टीमीटरचं तापमानाचं टोक घातलं. बाहेर ३६ अंश, डबीत ५२.

म्हणजे मामांचं बरोबर होतं. लाइट आली की दिवा मिचकावत होता, पण लाइनमुळे नाही, चार्जरने बॅटरीचं व्होल्टेज चढवल्यामुळे.

हिशोब, जो मी दिवाळीत करायला हवा होता

स्थिर करंट म्हटलं की आपण निर्धास्त होतो. पण लिनिअर रेग्युलेटर उरलेलं व्होल्टेज कुठं लपवत नाही, स्वतःच्या अंगावर जाळतो. दोन एलईडींचे मिळून ६.४ व्होल्ट, रेझिस्टरचे १.२५. बॅटरी १२.६ वर असेल तर एलएम३१७ च्या वाट्याला ४.९५ व्होल्ट, गुणिले ०.३३३, म्हणजे १.६५ वॅट. चार्जरवर १४.४ झाले की ६.७५ व्होल्ट आणि सव्वादोन वॅट.

सव्वादोन वॅट ऐकायला किरकोळ. पण टीओ-२२० आकाराच्या (पाठीला धातूची पट्टी असलेल्या) एलएम३१७ ला सिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा धातू, लावला नसेल तर त्याच्या जुन्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, दर वॅटला ५० अंश चढतात असं दिलेलं आहे. सव्वादोन गुणिले ५० म्हणजे ११२ अंशांची चढण. हिवाळ्यात बाहेर १४ अंश, डबीत ३०, एकूण १४२. डेटाशीट १२५ च्या वर नेऊ नका म्हणते, तरी तो निभावून नेत होता. मे महिन्यात डबीत ५२, एकूण १६४. इथं तो करंट आवरतो. जळगाव-भुसावळकडे दुपारी पारा ४५ च्या पुढे जातो हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं, फक्त सर्किटच्या हिशोबात ते कुणी धरत नाही. डेटाशीटमधले बरेच आकडे २५ अंशांचे असतात. आपल्याकडे २५ अंश म्हणजे पहाट.

टेबलावर दोष का दिसला नाही, तेही यातच आलं. चार्जर नव्हता, डबी उघडी होती, वर पंखा.

एकच एलईडी लावून चालवत असाल तर परिस्थिती आणखी वाईट. १२.६ वजा ३.२ वजा १.२५, उरले ८.१५ व्होल्ट, म्हणजे २.७ वॅट उष्णता आणि जेमतेम एक वॅटचा उजेड. "एकच तर एलईडी आहे, सिंक कशाला" हे वाक्य मी स्वतः बोललो आहे. एलईडी जितके कमी, रेग्युलेटर तितका जास्त तापतो. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

हीट सिंक लावला आणि फ्यूज उडाला

मापं घेतल्यावर तिथंच उत्साहात मी एलएम३१७ ला स्टार्टरशेजारच्या पत्र्याच्या पेटीला स्क्रूने आवळला. एवढा मोठा पत्रा, फुकटचा सिंक. दिवा चालू केला आणि १ अँपिअरचा फ्यूज गेला. दुसरा टाकला, तोही गेला.

७८०५ (ठरावीक ५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर) वापरून हात बसलेल्यांना ही चूक हमखास होते. ७८०५ च्या पाठीचा धातू मधल्या पायाला, म्हणजे ग्राउंडला असतो, तो पेटीला लागला तरी चालतं. एलएम३१७ चाही तो मधल्या पायालाच असतो, पण इथला मधला पाय ओयूटी आहे. छापील बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून एडीजे, ओयूटी, आयएन. माझ्या पेटीला बॅटरीची निगेटिव्ह लागलेली, म्हणजे मी ओयूटी सरळ निगेटिव्हला भिडवला होता. फ्यूज नसता तर आयसीने स्वतःला वाचवलंही असतं कदाचित, पण फवारणी पंपाची बॅटरी शॉर्ट झाली की तार लाल करते. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलला लागून हवा, दिव्याजवळ नको.

आयसीचा धातू सिंकला विजेने भिडू नये म्हणून मध्ये अभ्रकाची चकती, स्क्रूसाठी प्लॅस्टिकचा बुश आणि थोडी पांढरी पेस्ट लावून घ्या. मग मल्टीमीटरच्या बीपवर आयसीच्या पाठीचा धातू आणि सिंक यांच्यात आवाज येत नाही ना ते बघा. हे तपासल्याशिवाय बॅटरी जोडू नका. पंखवाला अॅल्युमिनियमचा सिंक डबीच्या बाहेर आला पाहिजे. मी एकदा सिंक आत ठेवून झाकण लावलं होतं, म्हणजे चुलीवर झाकण.

सिंकने फरक किती पडतो? साधारण १५ अंश प्रति वॅटचा छोटा सिंक, त्यात आयसीच्या आतले आणि अभ्रकाचे मिळून सहा धरले तर २१. सव्वादोन गुणिले २१, ४७ अंश. बाहेरचे ३६ मिळवले की ८३. १६४ वरून ८३. इथं दुखणं मिटलं म्हणून थांबलात तरी चालेल.

सिंक मिळत नसेल किंवा डबीच बदलायची नसेल तर स्वस्तातला उपाय म्हणजे उष्णता वाटून घ्यायची. बॅटरी आणि आयएन यांच्यामध्ये ४.७ ओहम २ वॅटचा रेझिस्टर लावा. ३३३ मिलिअँपिअरला त्याच्यावर १.५६ व्होल्ट पडतात आणि अर्ध्या वॅटहून थोडी जास्त उष्णता आयसीऐवजी तो खातो. त्याला तापलेलं चालतं, फक्त प्लॅस्टिकला टेकू देऊ नका. मात्र आता बॅटरी ११.२ च्या खाली गेली की दिवा मंद व्हायला लागेल: ६.४ एलईडीचे, १.२५ आणि १.५६ दोन रेझिस्टरचे, आणि साधारण दोन व्होल्ट एलएम३१७ ला स्वतःला लागतात. लेड अॅसिड बॅटरी तिथपर्यंत आली की तिलाही विश्रांती हवीच असते.

तिसरा एलईडी फुकट

हे मला हिशोब करताना उशिरा लक्षात आलं आणि थोडी लाजही वाटली. लिनिअर रेग्युलेटरमध्ये बॅटरीतून जाणारा करंट तोच असतो, एक एलईडी लावा, दोन लावा की तीन. बॅटरीतून ३३३ मिलिअँपिअर जाणार ते जाणारच. मग दोन एलईडींचा उजेड घेऊन उरलेलं व्होल्टेज आयसीवर का जाळायचं? तिसरा लावला तर तेवढ्याच बॅटरीत दीडपट उजेड आणि रेग्युलेटर गार.

अडचण एवढीच की एलएम३१७ वर तीन एलईडी बसत नाहीत. ९.६ अधिक १.२५ अधिक दोन, १२.८५ व्होल्ट झाले. चार्जिंग चालू असेल तेव्हाच दिवा पूर्ण लागणार, बॅटरीवर आला की मंद. "तीन एलईडी लावल्यावर उजेड कमी झाला" असं कुणी सांगितलं तर नव्वद टक्के हेच असतं. ७८०५ ला करंट स्रोत करून तर बघूच नका, तो रेझिस्टरवरच ५ व्होल्ट मागतो.

म्हणून मामांच्या दिव्यात मी शेवटी एलएम३१७ काढूनच टाकला आणि एक मॉसफेट (गेट, ड्रेन, सोर्स असे तीन पाय; गेटवरच्या व्होल्टेजने करंट कमीजास्त होतो) आणि बीसी५४७ हा छोटा ट्रान्झिस्टर असा लिनिअर रेग्युलेटर केला. इन्व्हर्टर दुरुस्तीवाल्याकडे आयआरएफझेड४४एन हा मॉसफेट पडलेला असतो, तो चालतो. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून तिन्ही एलईडी ओळीने, शेवटचा मॉसफेटच्या ड्रेनला. सोर्सपासून १.८ ओहम अर्ध्या वॅटचा रेझिस्टर निगेटिव्हला. गेटला पॉझिटिव्हपासून १० किलोओहम. बीसी५४७ चा कलेक्टर गेटला, बेस सोर्सला, एमिटर निगेटिव्हला. झालं. १.८ ओहमवर ०.६५ व्होल्ट झाले की बीसी५४७ जागा होतो आणि गेट खाली ओढतो, करंट तिथंच थांबतो: साधारण ३६० मिलिअँपिअर. एलईडीला हे थोडं जास्त वाटत असेल तर २.२ ओहम लावा, २९५ मिळतील.

यात एलईडींशिवाय कमीत कमी लागणारं व्होल्टेज फक्त ते ०.६५ आणि मॉसफेटचं नगण्य. बॅटरी १०.३ पर्यंत उतरली तरी उजेड हलत नाही, आणि तिथपर्यंत उतरवायची नसतेच. १४.४ वर मॉसफेटवर दीड वॅट येतं, त्यालाही छोटा सिंक द्या. त्याच्या पाठीचा धातू ड्रेनला असतो, म्हणजे अभ्रक इथंही हवं. एलएम३१७ सारखा आतला रखवालदार मात्र याला नाही. तापला तर सांगत नाही, जातो.

एक गंमत अशी की बीसी५४७ चे ते ०.६५ व्होल्ट दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने कमी होतात. डबी तापली की करंट आपोआप थोडा उतरतो. पुस्तकात हा दोष म्हणून लिहितात. खानदेशच्या मेमध्ये मला तो गुण वाटला. फक्त बीसी५४७ मॉसफेटला चिकटवून बसवू नका, नाहीतर फारच उतरेल.

आणखी दोन-तीन गोष्टी झटपट. चालू सर्किटला एलईडी जोडू नका: एलईडी नसताना एलएम३१७ चं आउटपुट बॅटरीच्या जवळ चढून बसतं, आणि तिथं कपॅसिटर लावलेला असेल तर एलईडी टेकवताक्षणी तो सगळा त्याच्यात रिकामा होतो. एलईडी आधी, बॅटरी नंतर. बॅटरीची तार वीतभरापेक्षा लांब असेल तर आयएनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर निगेटिव्हला लावा. आणि बाजारातल्या १२ व्होल्टच्या एलईडी पट्टीला यातलं काहीही लावू नका, तिच्यात रेझिस्टर आधीच असतात.

गेल्या मेमध्ये मामांचा फोन आला तो दिव्याच्या तक्रारीचा नव्हता. तसाच एक दिवा गोठ्यात हवा होता, पण बॅटरी खोपीतच ठेवून. मधलं अंतर ३० मीटर. ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार धरली तर जाऊन येऊन ६० मीटर, दीड ओहमच्या आसपास. ३६० मिलिअँपिअरला अर्धा व्होल्ट तारेतच गेला. १०.३ चे १०.८ झाले, चालून जातं. एलएम३१७ वर दोन एलईडी असते तरी चाललं असतं. रेग्युलेटर मात्र गोठ्यात दिव्याजवळ नाही, खोपीत फ्यूजशेजारी बसवला, कारण गोठ्यावर पत्रा आहे आणि खोपीवर केळीची पानं.